ओट्यावर त्यांची भांडी

आमच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना जागा होती. चार पितळी घागरींना होती, दोन तांब्याच्या हंड्यांना होती, वीस माणसांचा भात शिजेल एवढ्या डेगीला होती, पोत्यात बांधलेल्या चाळीस ताटांना होती. फुटक्या चाळणीला होती. झाकण नसलेल्या डब्यांना होती आणि डबा हरवलेल्या झाकणांनासुद्धा होती. नव्हती ती फक्त माझ्या आईला.

आई दाराजवळ खाली बसून स्वयंपाक करायची. दोन विटांवर फरशी, फरशीवर शेगडी, समोर पोळपाट, बाजूला परात. कुणी आत यायचं म्हटलं की तिच्या पाठीवरून पाय टाकून यावं लागायचं. आता तुम्ही म्हणाल, गरीब लोक, ओटा नसेल बांधलेला. ओटा होता! काळ्या कडप्प्याचा, सात फूट लांब, कोपऱ्यात सिंकसकट. आणि त्या सातच्या सात फुटांवर मोठीमायची भांडी बसली होती.

मोठीमाय म्हणजे पप्पांच्या थोरल्या भावाची, भुजंग काकांची बायको. नाव शिवकांता. काका लातूरला कॉलेजात क्लार्क. मी चार वर्षांची असताना दोघा भावांची वाटणी झाली, काकांचं बिऱ्हाड लातूरला गेलं आणि त्यांच्या वाट्याची भांडी आमच्या ओट्यावर राहिली. ओटा तेव्हा नवाकोरा, पप्पांनी आठ दिवसांपूर्वीच बांधून घेतलेला. "चार दिवस राहू द्या, दिवाळीला नेऊ," असं मोठीमाय म्हणाली होती म्हणे. मी आता दहावीला आहे. अकरा दिवाळ्या झाल्या. दर दिवाळीला मोठीमाय आमच्याकडं मुखेडला येते, पदर खोचते, बोट नाचवत भांडी मोजते, "बरोबर हायेत" म्हणते आणि आमच्या करंज्या घेऊन लातूरला जाते.

हे सगळं मी लहानपणापासून बघत होते आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. काही घरात टीव्ही असतो, काही घरात कुत्रं असतं, आमच्या घरात मोठीमायची भांडी. पण यंदा दोन गोष्टी झाल्या.

पहिली म्हणजे मी शाळेच्या मंत्रिमंडळात स्वच्छता मंत्री झाले. हसू नका. एकशे बेचाळीस मतं पडली मला. गेल्या वर्षीपर्यंत उत्तर येत असूनही मी वर्गात हात वर करत नव्हते. घाम फुटायचा. आणि यंदा मी प्रयोगशाळेचं कपाट एका शनिवारी असं लावलं की मुख्याध्यापक बाईंनी परिपाठात माझं नाव घेतलं, "राजकन्या, पुढं ये." तेव्हापासून कुठं पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात आणि कुणी "राहू दे" म्हटलं की डोकं तापतं.

दुसरी गोष्ट आईच्या गुडघ्यांची. पप्पा तिला नांदेडला दाखवायला घेऊन गेले, मीही गेले. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, "खाली बसून काम पूर्ण बंद. मांडी नाही, उकिडवं नाही. स्वयंपाक उभ्यानं करायचा. ऐकलं नाही तर दोन वर्षांत वाटी बदलावी लागेल."

त्याच दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर आई भिंत धरून "आई गं" करत खाली बसली आणि भाकरी थापायला लागली.

"आई! डॉक्टर काय म्हणले?"

"म्हनू दे. डॉक्टर येनार हाय का भाकरी थापायला?"

"ओट्यावर कर ना मग."

"ओट्यावर कुठं जागा हाय?" एवढं साधं बोलली ती, जशी काही देवानंच तिथं घागरी ठेवल्या होत्या.

मी रविवार पकडला. पप्पा कृषी सेवा केंद्रात कामाला आहेत. त्यांनी दोनशे रुपये दिले आणि म्हणाले, "ह्याच्यातच बसव, मंत्रीबाई." बसवलं! बाजारातल्या फळवाल्याकडून सफरचंदाची दोन लाकडी खोकी आणली, आडवी करून भिंतीला ठोकली, झाली मांडणी. पप्पांच्या दुकानाशेजारच्या किराणा दुकानातल्या रिकाम्या बरण्या राखेनं घासून तीन उन्हं दाखवली होती, त्यात डाळी भरल्या. मिठाईचे डबे एका मापाचे एकावर एक लावले आणि आईला चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरात नावं चिकटवली. हळद. धने. कारळ. दोन खिळ्यांना सुतळी ताणून झाकणं भिंतीवर उभी केली. झारे, पळ्या, उलथनी सगळी एका सळईला टांगली. ज्या झाकणाला डबा नाही ते बाहेर, ज्या चाळणीतून गहूच खाली पडतो ती बाहेर. आई प्रत्येक वस्तूमागं पळत होती. "अगं ते लागतंय कधी कधी!" "कधी लागलं होतं सांग."

शेजारच्या गुरम्मा अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या देगलूरकडच्या, आश्चर्य वाटलं की तेलुगूत घुसतात. "अय्यो! काय करायली गं पोरगी? सिंधु, हिला माझ्याकडं पाठव चार दिवस."

मी फुलून गेले. तशीच ओट्याकडं वळले आणि पुढची घागर उचलायला हात घातला.

"त्येला हात लावू नको!" आई ओरडली.

आई कधी ओरडत नाही. गुरम्मा अक्कासुद्धा दचकल्या.

"कामून?"

"ते त्यांचं हाय. इकडचं तिकडं झालं की दिवाळीला बोलनं ऐकावं लागतंय मला. एकदा एक वाटी सापडली न्हाई, तर दोन वर्षं बोललेत वाटीवरून."

"मग तू उभी कुठं राहून स्वयंपाक करणार?"

"तू बाकीचं लावलीस की चांगलं. लई झालं."

बाकीचं! मी रागानं लाल झाले. सगळं घर लावलं आणि जे लावायचं होतं तेच राहिलं. संध्याकाळी पप्पांना सांगितलं, तर पप्पा चप्पल काढता काढता म्हणाले, "दिवाळीला नेतील गं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

दुसऱ्या दिवशी आई अंगणात कपडे वाळत घालत होती तेव्हा मी गुपचूप एक घागर खाली उतरवली. काळी ठिक्कर पडली होती. चिंचेचा कोळ घेतला आणि गळ्याजवळ घासली. आमच्याकडं लग्नातल्या भांड्यावर नाव टाकून घेतात, टिंबा टिंबांनी कोरलेलं. माझ्या बोटाखाली एकेक टिंब उजळायला लागलं आणि मी वाचलं: चि. सौ. कां. सिंधु हिस, आई नागाबाईकडून, नायगाव.

मी पुन्हा वाचलं. सिंधु माझी आई. नागाबाई माझी आजी, आईची आई.

मी घागर उचलून तशीच अंगणात नेली. "आई, ही तुझी हाय! तुझं नाव हाय ह्याच्यावर! त्यांची न्हाईच ही!"

आईनं वळून बघितलं. हातातली साडी पिळली, झटकली, तारेवर टाकली आणि म्हणाली, "माहीत हाय मला."

"माहीत हाय?"

"मला माझी घागर ओळखू येनार न्हाई का? आईनं दोन दिवाळ्या शेळीचं दूध इकून घेतली होती ती."

"मग त्यांच्यात कशी गेली?"

"वाटनीत गेली. पंच बसले होते. म्हनले, घरात आलेलं भांडं घराचं, कुन्या सुनेचं न्हाई. दोन ढीग केले. थोरलीनं आधी उचलायचा. ह्या ढिगात डेग होती, तिनं हा उचलला. घागर ह्याच्यात होती."

"आणि तू काहीच बोलली न्हाईस?"

"तुझे पप्पा म्हनले, भांड्यापायी भावाभावात तुटायला नको."

म्हणजे बघा. अकरा वर्षं आईच्या आईनं दिलेली घागर आईच्या डोळ्यांसमोर, आईच्या ओट्यावर, आणि आईनं त्यात कधी तांब्याभर पाणी ओतलं नाही. कारण ती 'त्यांची'. मी घागर आत आणली आणि इतक्या जोरात ओट्यावर ठेवली की सगळी भांडी घणघणली. "हळू!" आई अंगणातून म्हणाली. हळू म्हणे!

आणि गुरुवारी सकाळी ते झालं. मी डबा भरत होते. आई भाकऱ्या संपवून उठायला लागली. एक हात जमिनीला, एक हात वर, ओट्याच्या कडेला. गुडघा मध्येच अडकला. कड सुटली आणि तिच्या हातात वरच्या ढिगातली परात आली. परात आली, परातीवरची दोन जर्मनची पातेली आली, सगळं तिच्या खांद्यावर आदळून खाली. असा आवाज झाला की रस्त्यावरचं कुत्रं भुंकलं.

मी धावले. आई भांड्यांच्या मध्ये बसली होती, खांदा धरून, डोळ्यात पाणी. आणि तिच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला माहीत आहे?

"चेपली का गं परात? बघ की. त्यांची हाय."

त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं ते तुटलंच. मी शाळेत गेले नाही. आईच्या खांद्याला हळद लावली, घरातला मोबाईल घेतला आणि लातूरला फोन लावला.

"मोठीमाय, मी राजकन्या."

"राजी! अगं, मोठी मम्मी म्हणत जा की. मोठीमाय काय, खेडवळ वाटतं." लातूरला गेल्यापासून ती असं 'आहे-नाही' करत बोलते. "बोल, काय म्हणतेस?"

"तुमची भांडी घेऊन जा."

"हो, नेऊ की दिवाळीला."

"दिवाळी न्हाई. या आठवड्यात. आईला उभ्यानं स्वयंपाक करायला सांगितलाय डॉक्टरांनी, ओटा मोकळा पाहिजे."

"असं कसं आठवड्यात? काकांना सुट्टी नाही, गाडी नाही. आणि सरकवून ठेवू नका कुठं, मी मोजून ठेवलेली आहेत."

"मग मी आणून देते."

ती हसली. खरंच हसली. "आण बघू."

बस. मला एवढंच पाहिजे होतं.

पप्पा संध्याकाळी आले तेव्हा मी पोती घेऊन बसले होते. "पप्पा, रविवारी ही भांडी लातूरला जाणार. तुम्ही आलात तर आलात, न्हाई तर मी एकटी जाणार."

"येडी झालीस का? भाऊ काय म्हनंल? तोडायला जायलीस का?"

"तुटू नये म्हणून आईचे गुडघे तोडायचे का?"

पप्पांनी आईकडं बघितलं. आई उभीच होती, खाली बसायला घाबरत होती बहुतेक, एक हात दाराच्या चौकटीवर. खांद्यावर हळदीचा पिवळा डाग ब्लाउजमधून वर आला होता. पप्पा काही बोलले नाहीत. मला त्यांचा फार राग आला. न बोलणाऱ्या माणसावर जितका राग येतो तितका मोठीमायवरपण येत नाही.

शनिवारी अर्धी शाळा. दुपारी मी एकेक भांडं खाली घेतलं. कोळ्यांची जाळी, मेलेली झुरळं, एका हंड्यात उंदरानं कुरतडलेलं वर्तमानपत्र. पोत्यात घालताना मी सिंधु-नागाबाईची घागर बाजूला ठेवली.

"ती पन घाल," आई म्हणाली.

"ही तुझी हाय!"

"सगळं जाऊ दे. एक ठेवलं तर म्हनतील, ठेवून घेतलं. मला कुनाच्या तोंडाला लागायचं न्हाई."

मी घागर पोत्यात घातली. घातली म्हणजे आदळली. आणि शेवटची डेग ओढून बाजूला केली तर खाली कडप्प्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक होतं. चार बोटांनी काढलेलं, शेजारी नारळ फोडल्याचा पांढरट डाग. ओटा बांधला त्या दिवशी आईनं पूजा केली होती त्याचं. अकरा वर्षं पुसलं गेलं नव्हतं, कारण त्या ओट्यावर कुणी एकदासुद्धा फडकं फिरवलं नव्हतं. कुंकू अजून लाल होतं.

आई बघत राहिली. मग आतून सुपात ज्वारी घेऊन आली आणि पोत्यांची तोंडं उघडून प्रत्येक भांड्यात मूठ मूठ ज्वारी टाकायला लागली.

"हे काय करायलीस?"

"दुसऱ्याचं भांडं रिकामं वापस करत न्हाईत."

"त्या बाईला? वरून ज्वारी? आई, तुझं डोकं..."

"ती कशी का असंना. माझ्या दारातून भांडं रिकामं जायचं न्हाई." आणि तिनं डेगीत दोन मुठी टाकल्या, डेग मोठी म्हणून.

रविवारी सकाळी दुकानाचा हातगाडा दारात उभा होता. पप्पांनी आणला होता. त्यांनी सहाच्या सहा पोती गाड्यावर चढवली, स्टँडपर्यंत ढकलली, आणि लातूर गाडी लागल्यावर डिकीत भरून दिली. मी चढले. मागं वळून बघते तर पप्पा माझ्या मागच्या सीटवर बसलेले. खिडकीतून बाहेर बघत.

कंडक्टरनं डिकीत डोकावून लगेजचं तिकीट फाडलं. "काय गं, संसार घेऊन निघालीस का?"

"दुसऱ्याचा हाय. पोचवायला निघाले."

समोरची म्हातारी हसली. "नवरी दिसंना कुठं?"

"नवरी लातूरला हाय आजी. पंचेचाळीस वर्षांची."

गाडी हसली. प्रत्येक खड्ड्याला डिकीतून डेग ढण्ण करून ओरडायची आणि कुणीतरी म्हणायचं, "आली बघ वरात." मला हसू यायचं आणि लगेच गुरुवारचा परातीचा आवाज आठवायचा, की पुन्हा दात आवळले जायचे.

लातूरच्या स्टँडवरून पोती टेम्पोत टाकून नेली. मोठीमायचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये एकावेळी दोन पोती मावली. बेल वाजवली. तिनं दार उघडलं, गाऊनवर ओढणी, हातात मोबाईल. मागं सगळं स्वयंपाकघर दिसत होतं: पांढऱ्याशुभ्र ट्रॉल्या, त्यांना चकचकीत मुठी, ओट्यावर फक्त एक झाड कुंडीत. झाड!

"अगं बाई! हे काय आणलंत?"

"तुमची भांडी, मोठीमाय. मोजून घ्या."

ती माझ्याकडं बघते, पप्पांकडं बघते. पप्पा शेवटचं पोतं खांद्यावर घेऊन दाराबाहेर उभे. चप्पल काढावी की नाही हेच त्यांना ठरवता येत नव्हतं.

"हे घरी नाहीत, उदगीरला लग्नाला गेलेत. आणि असं न सांगता..."

"सांगितलं होतं. तुम्ही 'आण बघू' म्हणलात."

मी पोतं आत ओढलं आणि सोडलं. घागरी गडगडल्या, डेग बाहेर आली, भांड्यांतली ज्वारी चकचकीत फरशीवर पसरली.

"शी! ही घाण काय?"

"ज्वारी हाय. आईनं घातलीय. रिकामं भांडं वापस करत न्हाईत म्हणून."

मोठीमायनं पाय मागं घेतला. "अगं पण राजी, मी हे इथं कुठं ठेवू? जागा कुठाय इथं?"

"अकरा वर्षं आम्ही कुठं ठेवली?"

"तुमचं घर मोठं आहे!"

"आमचं घर दोन खोल्यांचं हाय. तुम्हीच मोजून वाटून दिलंत. आई अकरा वर्षं दारात बसून स्वयंपाक करती, तुमच्या घागरी ओट्यावर बसतेत. आता तिचे गुडघे गेले. परवा तुमची परात तिच्या खांद्यावर पडली, तर ती म्हणती परात चेपली का बघ!" माझा आवाज फाटत होता. शेजारच्या फ्लॅटचं दार किंचित उघडलं. उघडू दे. परिपाठात माइक बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

आणि मोठीमाय काय म्हणाली ऐका. "मग वापरायची की! ओटा मोकळा करायचा. मी कधी म्हणले, वापरू नका?"

माझ्या कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. कधी म्हणले!

"म्हणाला न्हाईत. मोजलं. दर दिवाळीला. असं." मी ओढणी खोचली, बोट नाचवलं आणि तिच्या पांढऱ्या ट्रॉल्या मोजून दाखवल्या. एक, दोन, तीन. "एका वाटीवरून आईला दोन वर्षं बोललात. मग ती हात लावंल का?"

मोठीमायचा चेहरा लाल झाला आणि लातूरची भाषा गळून पडली. "लई तोंड फुटलंय गं तुला! भाऊजी, हेच शिकविलाव का पोरीला? कामून गप हाव तुमी?"

पप्पांनी खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं. वाकून त्यातून घागर बाहेर काढली. गळ्याजवळ मी घासलेलं तेवढंच पिवळं चमकत होतं, बाकी सगळी काळी. त्यांनी अंगठा त्या नावावरून फिरवला.

"वैनी, ही सिंधुच्या आईनं दिलेली हाय. ही वापस नेतो. बाकीचं तुमचं तुमाला."

"वाटनीत माझ्याकडं आली ती."

"हाव. आली." पप्पा म्हणाले. "तरी नेतो."

मी पप्पांकडं बघतच राहिले. अकरा वर्षांत दोनच शब्द, पण बोलले.

मोठीमायनं नाक मुरडलं. पप्पांच्या हातून घागर ओढून घेतली, त्यातली ज्वारी डेगीत उपडी केली आणि घागर जमिनीवर टेकवून आमच्याकडं सरकवली. "न्या. मला काय करायची तसली जुनी घागर."

"रिकामी?" मी म्हटलं.

"काय?"

"रिकामी देता का? आईनं तुमच्या एकेका भांड्यात मूठ टाकलीय. तुम्ही आमचं भांडं रिकामं देता?"

आता शेजारचं दार चांगलंच उघडं होतं आणि त्यातून एक बाई बघत होत्या. मोठीमायनं तिकडं एकदा बघितलं. मग डेगीत हात घालून मूठभर ज्वारी घेतली आणि घागरीत टाकली.

मी घागर उलटी केली. ज्वारी पुन्हा फरशीवर. "ही आमची हाय. तुमची घाला."

वाटलं, आता कानाखाली बसणार. पप्पांनी मला अडवलं नाही. मोठीमाय तरातरा आत गेली, ट्रॉली अशी ओढली की त्या एवढ्या महागाच्या ट्रॉलीनंसुद्धा आवाज केला, आणि तूरडाळीचं अख्खं पाकीट दातानं फाडून घागरीत ओतलं. पितळेत डाळ पडायचा आवाज मी आयुष्यभर विसरणार नाही.

"झालं का? झालं का समाधान?"

"मोजून घ्या बाकीची," मी म्हटलं आणि घागर कडेवर घेतली.

येताना पप्पा माझ्याच सीटवर बसले. अहमदपूरला भजी घेतली, अर्धी मला दिली. "भाऊ आता फोन करतील," ते एकदा म्हणाले. "करू द्या," मी म्हटलं. घागर आमच्या दोघांच्या मधे, लेकरासारखी.

आता तुम्हाला वाटेल, झालं सगळं छान. कुठं छान? सोमवारी सकाळी शेगडी ओट्यावर चढली. आईनं स्वस्तिकाच्या कडेकडेनं फडकं फिरवलं, परात ठेवली, उभी राहिली. आणि तिचे कोपर कानापर्यंत वर गेले. ओटा उंच! मिस्त्री पप्पांच्या कमरेला टेप लावून गेला होता. आई पप्पांच्या खांद्यापर्यंत येते. पहिली भाकरी थापताना फाटली, दुसरी तव्यावर पडताना दुमडली. आई म्हणाली, "राहू दे गं, मी खालीच..." आणि खाली बघायला लागली, तिच्या त्या जुन्या जागेकडं.

"खबरदार खाली बसलीस तर!" मी किंचाळले. "ज्या बाईनं उभं राहायचं तिला कुणी मोजलं न्हाई का? अं? मोजलं का पप्पा?"

पप्पा चहाचा कप घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. मी देवघरापुढचे दोन पाट ओढून आणले, एकावर एक ठेवले, हलू नयेत म्हणून खाली दुकानाचं पोतं अंथरलं आणि आईला हाताला धरून वर चढवलं. तिनं पुन्हा पीठ घेतलं. थापताना पाट थोडे कुरकुरले. तिसरी भाकरी तव्यावर टम्म फुगली आणि गुरम्मा अक्का खिडकीतून म्हणाल्या, "सिंधु, उंच दिसायलीस गं आज!"

आई हसली नाही. तिचं लक्ष दुसरीकडंच होतं. पाटावरून हळूच उतरली, चूळभर पाण्यानं हात धुतले, डाळ एका बरणीत काढून ठेवली, घागर नळाखाली भरली, आणि दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर ठेवली. बरोबर मधोमध.

"आई! आत्ता तर मोकळा केला ओटा! परत घागर? तिला खोक्यावर जागा केलीय मी..."

"ती माझी हाय," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी ठेवीन तिथं राहील."

ती पुन्हा पाटावर चढली. मी पिठाचा डबा उचलला आणि त्याला दुसरीकडं जागा शोधायला लागले.